वऱ्हाडचा नामधारी राजा आणि न विचारलेली रयत

बुलडाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचे गाव आहे. इ.स. १७२४ च्या ऑक्टोबर महिन्यात या गावाच्या शिवारात एक लढाई झाली. दिल्ली दरबाराच्या वतीने चालून आलेला मुबारिझखान त्या लढाईत मारला गेला आणि निजाम-उल-मुल्क आसफजहाने दख्खनमध्ये आपली स्वतंत्र गादी पक्की केली. पुढे सव्वादोनशे वर्षे हैदराबादच्या गादीवर बसलेल्या आसफजाही घराण्याचा पाया असा आपल्याच जिल्ह्याच्या मातीत घातला गेला.

त्याच घराण्याचा सातवा आणि शेवटचा राज्यकर्ता म्हणजे मीर उस्मान अली खान. ज्या मातीत पूर्वजांनी राज्य कमावले ती वऱ्हाडची माती परत मिळावी म्हणून हा माणूस पाव शतक झगडला. वऱ्हाडचा राजा हे नाव त्याला मिळाले, वऱ्हाड कधीच मिळाले नाही. आपल्याकडे निजाम म्हटले की काहींना त्याच्या हिऱ्यामोत्यांच्या गोष्टी आठवतात, काहींना रझाकार आठवतात. जातीयवादी मंडळींना तर दर सप्टेंबरात त्याचे नाव घेऊन हिंदू-मुसलमान असा खेळ मांडायचा असतो. आंबेडकरी माणसाने मात्र त्याच्या आयुष्याकडे आपल्या नजरेने पाहिले पाहिजे. एक माणूस दुसऱ्याचा विश्वस्त होतो म्हणजे नेमके काय होतो, आणि ज्याच्या नावाने हा सारा कारभार चालतो त्याला कोणी विचारते काय, हा प्रश्न या आयुष्यातून पुढे येतो. हा प्रश्न आपला आहे.

विश्वस्त या शब्दाचा जन्म

आधी वऱ्हाड निजामाच्या हातून कसे गेले ते पाहू. इंग्रजांनी निजामाच्या राज्यात हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज ठेवली होती. फौजेवर हुकूम इंग्रजांचा आणि खर्च निजामाच्या माथी. खर्च थकत गेला, कर्ज चढत गेले आणि २१ मे १८५३ रोजी गव्हर्नर जनरल डलहौसीने निजामाकडून तह करून घेतला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. १८६० मध्ये दुसरा तह झाला. धाराशिव आणि रायचूर परत दिले गेले, कापूस पिकवणारे वऱ्हाड मात्र ठेवून घेतले. ठेवून घेताना कागदावर जो शब्द घातला तो होता विश्वस्त म्हणून ताब्यात ठेवण्याचा. वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा.

विश्वस्ताने काय केले? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत कापूस वाढला. खामगावची बाजारपेठ भरभराटीला आली आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा निघाला. रस्ते आले, कचेऱ्या आल्या, शाळा आल्या. सारे खरे. पण हा प्रदेश कायद्याने ना धड इंग्रजांचा, ना धड निजामाचा. त्याचे सरकारी नावच मुळी हैदराबादने नेमून दिलेले जिल्हे असे होते.

पुढे ५ नोव्हेंबर १९०२ रोजी लॉर्ड कर्झनने उस्मान अलीच्या वडिलांशी, म्हणजे मीर महबूब अली खान यांच्याशी करार केला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना मिळाले. मोबदला वर्षाला २५ लाख रुपये. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ च्या फेररचनेत वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले आणि अकोल्याचे खामगाव व जळगाव हे तालुके बुलडाण्यात आले. शेत बटईने द्यावे तसा लाखो माणसांचा मुलूख भाड्याने दिला गेला. भाडे घेणारा हैदराबादेत, भाडे देणारा कलकत्त्यात, आणि ते भाडे ज्याच्या घामातून निघत होते तो मेहकर, चिखली, मलकापूरचा कास्तकार व शेतमजूर. त्या करारात त्याचा अंगठा कुठेच नव्हता. गावकीत राबणाऱ्या महाराचे तर नावही नव्हते.

महायुद्धातला वफादार दोस्त

उस्मान अलीचा जन्म एप्रिल १८८६ चा. ऑगस्ट १९११ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर तो गादीवर आला. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे राज्य, म्हणजे हिंदुस्थानातल्या संस्थानांत लोकसंख्येने आणि उत्पन्नाने सर्वांत मोठे. तीनच वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरला. तुर्कस्तानचा सुलतान म्हणजे सुन्नी मुसलमानांचा खलिफा. हिंदुस्थानातला मुसलमान शिपाई खलिफाविरुद्ध लढेल की नाही याची इंग्रजांना धास्ती होती. अशा वेळी नोव्हेंबर १९१४ मध्ये निजामाने जाहीरनामा काढून मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहण्यास सांगितले. त्याने युद्धासाठी अमाप पैसा दिला. इंग्रजांच्या एका विमान तुकडीची विमाने त्याच्या देणगीतून आली आणि त्या तुकडीच्या नावाला हैदराबाद हा शब्द जोडला गेला. त्याचे घोडदळ सुएझ आणि पॅलेस्टाईनच्या आघाडीवर गेले.

बक्षीस म्हणून १९१८ मध्ये त्याला इतर संस्थानिकांपेक्षा वरचा किताब मिळाला. ब्रिटिश सरकारचा वफादार दोस्त असे बिरुद मिळाले. निजामाला किताबापेक्षा वऱ्हाड हवे होते.

इकडे युद्ध संपल्यावर जिंकलेल्या मुलखाची वाटणी सुरू झाली. जानेवारी १९१९ मध्ये पॅरिसला शांतता परिषद भरली. जर्मनीच्या आफ्रिकेतल्या आणि पॅसिफिकमधल्या वसाहती, तुर्कस्तानचे अरब प्रांत, हे सारे विजेत्यांच्या हाती आले होते. उघडपणे गिळावे तर जगापुढे लाज जाते. मग राष्ट्रसंघाच्या घटनेत २२ वे कलम घातले गेले. त्याचा मतितार्थ असा, की जे लोक अजून स्वतःच्या पायावर उभे राहू शकत नाहीत त्यांचे कल्याण ही सुधारलेल्या जगाची पवित्र ठेव आहे आणि प्रगत राष्ट्रांनी विश्वस्त म्हणून त्यांचा सांभाळ करावा. या व्यवस्थेला मँडेट म्हणत. तिचे तीन वर्ग केले. इराक, सिरिया, पॅलेस्टाईन पहिल्या वर्गात. टांगानिका, टोगो, कॅमेरून दुसऱ्या वर्गात. नैऋत्य आफ्रिका, न्यू गिनी, सामोआ तिसऱ्या वर्गात. माणसांची ही वर्गवारी आपल्याला काही नवी नाही. कोण लायक, कोण थोडा कमी लायक आणि कोण अजिबात नालायक हे वर बसलेल्याने ठरवायचे, ही रीत चातुर्वर्ण्याने आपल्या अंगावर हजारो वर्षे वागवायला लावली आहे.

जिनिव्हात मँडेट आयोग बसला. तिथल्या रयतेला आयोगाकडे अर्ज करण्याची सोय होती, पण अर्ज पाठवायचा तो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच सत्ताधाऱ्याच्या हातून. पाटलाविरुद्धचा अर्ज पाटलाच्याच हाती द्यावा, तसे हे. आणि भारताचे काय? भारत राष्ट्रसंघाचा मूळ सभासद होता. पण व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने सह्या केल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी. कोट्यवधी भारतीयांनी त्यांना निवडले नव्हते.

पॅरिसची परिषद भरली त्याच जानेवारी महिन्यात मुंबईत एक सत्तावीस वर्षांचा प्राध्यापक साउथबरो समितीपुढे साक्ष देत होता. त्यांचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. अस्पृश्यांचे हित दुसऱ्या कोणी सांभाळून चालणार नाही, त्यांना मताचा अधिकार द्या आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांच्यातूनच येऊ द्या, ही त्यांची मागणी होती. तिकडे जगातले मातब्बर दुबळ्यांसाठी विश्वस्त नेमत होते आणि इकडे बाबासाहेब विश्वस्ताची कल्पनाच नाकारत होते. इतिहासाच्या पुस्तकांत या दोन घटना कधी एका पानावर येत नाहीत. चळवळीच्या अभ्यासकांनी त्या एकत्र ठेवून पाहाव्यात.

निजामाचा अर्ज आणि व्हाइसरॉयचा जबाब

सप्टेंबर १९२३ च्या अखेरीस पॅलेस्टाईन आणि सिरियाचे मँडेट रीतसर अमलात आले. महिनाही उलटला नाही तोच, २५ ऑक्टोबर १९२३ रोजी निजाम उस्मान अलीने व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगला लांबलचक पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. त्याचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने कच्चे नव्हते. वऱ्हाड विश्वस्त म्हणून दिले होते, विकले नव्हते. वडिलांकडून १९०२ चा करार दबावाखाली करून घेतला. ज्या फौजेसाठी मुलूख दिला ती स्वतंत्र फौजही आता उरली नाही. शिवाय महायुद्धातली सेवा आहेच. मुलूख परत मिळाला तर वऱ्हाडच्या लोकांना अंतर्गत स्वायत्तता देऊ, असे आश्वासनही त्याने दिले.

हे आश्वासन ऐकून वऱ्हाडात आनंद झाला काय? मुळीच नाही. वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनी विरोध केला. कारण उघड आहे. जो राजा आपल्या हैदराबाद राज्यातल्या प्रजेला निवडून दिलेले विधिमंडळ देत नव्हता, तो वऱ्हाडला स्वायत्तता देईल यावर विश्वास कोण ठेवणार? मराठवाड्याची हद्द ओलांडली की मोगलाई लागते, आणि मोगलाईत काय चालते हे जालना-अजिंठ्याकडे सोयरिकी असलेल्या बुलडाण्याच्या माणसाला सांगावे लागत नव्हते. तथापि हेही सांगितले पाहिजे, की विरोध करणारे पुढारी बहुतांशी उच्चवर्णीय वकील आणि मातब्बर जमीनदार होते. गावकुसाबाहेरच्या माणसाचे मत त्यांनीही विचारले नव्हते.

इंग्रजांनी पत्रव्यवहार दोन-अडीच वर्षे लांबवला. निजामाने आपण परराष्ट्र व्यवहार सोडता इंग्रजांच्या बरोबरीचे आहोत अशी भाषा केली. मग २७ मार्च १९२६ रोजी रीडिंगने त्याला खडसावले. हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ आहे, तिच्याशी बरोबरीने बोलण्याचा हक्क कोणाही संस्थानिकाला नाही, आणि वऱ्हाडचा प्रश्न मिटलेला आहे, असा त्याचा आशय. विश्वस्ताकडे ठेव मागायला गेलेल्या मालकाला विश्वस्ताने दारातून परत पाठवले. बळी तो कान पिळी.

त्या काळी वऱ्हाडी मतदाराची अवस्था पाहा. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश मुलूख नसल्यामुळे इथले कायदे परक्या प्रदेशावरच्या अधिकाराच्या नावाखाली लागू केले जात. मध्य प्रांताच्या कौन्सिलात वऱ्हाडातून लोक प्रतिनिधी निवडून देत, पण त्यांना निवडून आलेले सभासद असे थेट म्हणता येत नसे. निवडून आलेल्यांना सरकार पुन्हा नेमत असे, आणि मग ते सभासद होत. आपल्याच मताला दुसऱ्याच्या सहीची गरज! मँडेटखालच्या अरबाची आणि वऱ्हाडच्या खातेदाराची जात यापेक्षा फार वेगळी नव्हती.

स्वतःच्या राज्यातला निजाम

आता या मालकाच्या स्वतःच्या घरात डोकावू. एका बाजूला त्याची कामे मोठी आहेत आणि ती मान्य केली पाहिजेत. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, आणि उच्च शिक्षण देशी भाषेतून देण्याचा तो धाडसी प्रयोग होता. मात्र ती भाषा उर्दू होती. तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी बहुसंख्य प्रजा शिक्षणाच्या वरच्या पायऱ्यांवर परकीच राहिली. हैदराबादला पुरापासून वाचवणारे आणि पाणी पुरवणारे उस्मानसागर, हिमायतसागर हे तलाव, मोठे रुग्णालय, उच्च न्यायालयाची इमारत ही त्याच्या काळातली. पुण्याच्या भांडारकर संस्थेलाही त्याने देणगी दिली. आणि बौद्धांनी विसरू नये अशी गोष्ट म्हणजे अजिंठा. गुलाम याझदानी यांच्या हाताखालच्या पुरातत्त्व खात्याने अजिंठ्याच्या लेण्यांची देखभाल केली, इटलीहून तज्ज्ञ आणून भित्तिचित्रे सावरली आणि त्यांचे ग्रंथ छापले. बुद्धाची ही ठेव जपण्यासाठी त्या काळात एका मुसलमान राजाचा खजिना उघडला होता, हे मुसलमानांविरुद्ध विष पेरणाऱ्यांना ठणकावून सांगितले पाहिजे.

दुसऱ्या बाजूला हे राज्य जहागीरदार, देशमुख आणि देशपांड्यांच्या खांद्यावर उभे होते. त्यात हिंदू जमीनदार भरपूर होते. सर्फ-ए-खास नावाने मोठा मुलूख निजामाच्या खासगी मालकीचा होता. १९३७ मध्ये अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याचे चित्र मुखपृष्ठावर छापले, त्याच काळात मराठवाड्यातला महार-मांग वेठबिगारीत पिचत होता. राजा मुसलमान म्हणून गावातला जातिभेद हलला नाही. देशमुखाचा वाडा आणि जहागीरदाराची गढी दोन्हीकडे वेठ तीच होती.

म्हणूनच ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दलितांची परिषद भरवली, तेव्हा बाबासाहेब स्वतः तिथे आले. निजामी राज्यातल्या अस्पृश्याला आपले दुःख आपल्या तोंडाने मांडण्याची ताकद त्या परिषदेने दिली.

नावापुरते राज्य

निजामाचे मन वऱ्हाडातून निघाले नव्हते. १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच मोडीत काढली. ज्या खलिफाविरुद्धच्या युद्धात निजामाने इंग्रजांना मदत केली होती त्याच घराण्यातला शेवटचा खलिफा अब्दुल मजीद देशोधडीला लागला, आणि त्याला तनखा देणाऱ्यांत निजाम पुढे होता. १९३१ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरी खलिफाची मुलगी दुर्रेशहवार हिचे लग्न निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याच्याशी झाले. अरबस्तानातले मुलूख मँडेटच्या नावाने वाटले गेले आणि त्या मुलखांच्या जुन्या धन्याची लेक हैदराबादची सून झाली.

त्यानंतर १९३५ च्या कायद्याने संघराज्य आणायचे ठरले. संस्थानिकांना आत घ्यायचे तर मोठ्या निजामाची समजूत काढणे भाग होते. २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने इंग्रजांनी वऱ्हाडवरचे निजामाचे सार्वभौमत्व मान्य केले. थोरल्या मुलाला प्रिन्स ऑफ बेरार हा किताब मिळाला. ब्रिटिश निशाणाशेजारी निजामाचे निशाण फडकवायची मुभा मिळाली. २५ लाखांचे भाडे चालू राहिले. कारभार मात्र नागपूरहून पूर्वीसारखाच चालला. झेंडा एकाचा, काठी दुसऱ्याची. ज्या वऱ्हाडचा तो राजपुत्र झाला त्यावर आझम जाहने एक दिवसही राज्य केले नाही.

या व्यवहारात वऱ्हाडच्या जनतेला पुन्हा एकदा विचारले गेले नाही. १८५३, १८६०, १९०२, १९३६ असे चार करार झाले आणि चारही वेळा जमीन मोजली गेली, माणूस नाही.

बाबासाहेबांचे उत्तर

बाबासाहेबांनी या सगळ्या राजकारणाचे मर्म ओळखले होते. १९३० च्या गोलमेज परिषदेत त्यांनी ब्रिटिशांना तोंडावर विचारले, की तुम्ही येण्यापूर्वी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, आज तरी येते काय? दीडशे वर्षांच्या विश्वस्ताला यापेक्षा कठोर हिशेब कोणी मागितला नसेल. १९३१ मध्ये त्यांनी संस्थानांचे प्रतिनिधी राजांनी नेमलेले नकोत, प्रजेने निवडलेले हवेत असा आग्रह धरला, आणि जानेवारी १९३९ मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या भाषणात संस्थानिकांना घेऊन होणारे संघराज्य स्वातंत्र्याच्या आड कसे येते याची चिरफाड केली.

पुणे करारानंतर गांधीजींनी हरिजन सेवक संघ काढला. त्याचा कारभार सवर्णांच्या हाती राहिला. श्रीमंतांनी संपत्तीचे विश्वस्त व्हावे, सवर्णांनी अस्पृश्यांचे विश्वस्त व्हावे असे ते राजकारण होते. वऱ्हाडच्या तहात डलहौसीच्या वारसांनी वापरलेला, जिनिव्हाच्या घटनेत पवित्र झालेला तोच शब्द आता खादी नेसून आमच्या वस्तीत आला होता. बाबासाहेबांनी तो नाकारला. विश्वस्त चांगला की वाईट हा त्यांच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न होता. विश्वस्ताला बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे नाही तो गुलामच.

१९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या काळ्या जनतेने युनोकडे अर्ज केला होता, त्याची प्रत त्यांना हवी होती. अस्पृश्यांचाही प्रश्न जगाच्या वेशीवर मांडावा असा त्यांचा विचार होता. ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. मँडेटची जागा तेव्हा युनोच्या विश्वस्त मंडळाने घेतली होती. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने नैऋत्य आफ्रिका आपल्या राज्यात कायमची जोडून मागितली. भारताने विरोध केला आणि युनोने नकार दिला. तरीही त्या विश्वस्ताने मुलूख सोडला नाही. नामिबिया स्वतंत्र व्हायला १९९० साल उजाडावे लागले. विश्वस्ताच्या तावडीतून सुटायला एका देशाला सत्तर वर्षे लागली!

शेवटचा डाव

जून १९४७ मध्ये निजामाने जाहीर केले, की इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र राजा होऊ. वऱ्हाडची मागणीही त्याने पुन्हा पुढे केली. त्यावर बाबासाहेबांनी १७ जून रोजी निवेदन काढून कायदेशीर उत्तर दिले. ब्रिटिशांची अधिसत्ता हवेत विरून जात नाही, ती स्वतंत्र भारताच्या सरकारकडे येते. आणि प्रजेला जबाबदार राज्यपद्धती दिल्याशिवाय युनो कोणा संस्थानिकाच्या मदतीला येईल या भ्रमात राहू नये, असे त्यांनी बजावले. राजाचे सार्वभौमत्व प्रजेच्या संमतीशिवाय पोकळ आहे, हा त्याचा गाभा.

त्या वेळी हैदराबादेतल्या दलित चळवळीत फूट होती. बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात होते. औरंगाबादचे बी. श्यामसुंदर १९४८ मध्ये हैदराबादच्या शिष्टमंडळातून युनोपर्यंत गेले. त्यांना सरसकट दोष देणे सोपे आहे. स्टेट काँग्रेसच्या सवर्ण पुढाऱ्यांकडून आपल्याला काही मिळणार नाही असे त्यांना वाटले, आणि त्या वाटण्याला अनुभवाचा आधार होता. तरीसुद्धा मार्ग चुकीचा होता. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी अनुसूचित जातींना स्पष्ट सांगितले, की दबावाखाली धर्मांतर करू नका आणि भारताच्या शत्रूची, निजामाची, बाजू घेऊन समाजाला कमीपणा आणू नका. एका मालकाच्या जाचातून सुटण्यासाठी दुसऱ्या मालकाच्या दारात उभे राहू नये, हा तो धडा होता. तेच श्यामसुंदर पुढे १९६८ मध्ये भीमसेना काढून लढले, हेही नोंदवले पाहिजे.

रझाकारांनी गावोगाव अत्याचार केले. मराठवाड्यातली कुटुंबे जीव मुठीत धरून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात आली. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारने युनोच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. १६ सप्टेंबरला ती चर्चेला आली तेव्हा भारतीय फौजा हैदराबादच्या वाटेवर होत्या. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवली आणि काही दिवसांतच तक्रार मागे घेतली. त्यानंतर मराठवाड्यात आणि इतरत्र गरीब मुसलमानांची जी कत्तल झाली तिच्याबद्दल मात्र बोलले जात नाही. सरकारनेच नेमलेल्या सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला आणि तो अहवाल अनेक दशके दाबून ठेवला गेला. राजा राजवाड्यात सुखरूप राहिला, त्याच्या नावाची शिक्षा विणकराने आणि मजुराने भोगली.

२६ जानेवारी १९५० रोजी संविधान लागू झाले. वऱ्हाड मध्य प्रदेशाचा भाग झाले आणि पट्टा, भाडे, झेंडा सारे एका दिवसात इतिहासजमा झाले. निजामाला हैदराबाद राज्याचा राजप्रमुख केले गेले. १९५३ मध्ये त्याच्या नावाच्या उस्मानिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय डी. लिट. दिली. ज्या माणसाने राजाचा दावा कायद्याने खोडून काढला त्याच्यापुढे राजाच्या विद्यापीठाने मान झुकवली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात लाखो लोकांना धम्माची दीक्षा दिली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस राजप्रमुखपद संपले. १ नोव्हेंबरला बुलडाणा आणि मराठवाडा एकाच मुंबई राज्यात आले.

२४ फेब्रुवारी १९६७ रोजी उस्मान अलीचे निधन झाले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे किताब आणि तनखे रद्द झाले. १९४८ मध्ये लंडनच्या बँकेत अडकलेल्या त्याच्या दहा लाख पौंडांचा वाद २०१९ पर्यंत चालला आणि तोवर वाढून साडेतीन कोटी पौंड झालेली ती रक्कम भारत सरकार आणि निजामाच्या वारसांकडे गेली. जगातल्या सगळ्या न्यायालयांत राजाच्या ठेवीचा हिशेब होतो. २५ लाखांप्रमाणे पंचेचाळीस वर्षे वऱ्हाडच्या शेतसाऱ्यातून गेलेल्या भाड्याचा हिशेब कोणत्या न्यायालयात मागायचा?

निजाम इंग्रजांकडे न्याय मागत होता, ते खरेच होते. पण ज्या न्यायाची त्याने लंडनकडे मागणी केली तो त्याने परभणी-बीडच्या माणसाला दिला नाही. वर हात पसरणारा आणि खाली पाय देणारा, अशी ही सरंजामी मनोवृत्ती. ब्राह्मणशाहीच्या उतरंडीतही प्रत्येकाला वरच्याकडून हक्क हवे असतात आणि खालच्याला द्यायचे नसतात.

संविधानाने विश्वस्त काढून टाकले आणि प्रत्येकाच्या हाती एक मत दिले. तरी विश्वस्त नवी रूपे घेऊन येतात. वेगळा विदर्भ हवा की नको याची चर्चा पुढाऱ्यांच्या बंगल्यांत होते. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात बुलडाण्यासह पूर्व महाराष्ट्राचे वेगळे राज्य सुचवले होते, पण त्यांचा निकष होता दुबळ्या जातींना संरक्षण मिळते की नाही हा. अनुसूचित जातींसाठी ठेवलेला निधी दुसरीकडे वळवला जातो तेव्हा ज्यांच्या नावाने तो ठेवला त्यांना कोण विचारते? आपल्या वस्तीच्या योजना आपल्या सहीशिवाय ठरतात तेव्हा १८६० चा तह पुन्हा लिहिला जात असतो.

म्हणून १७ सप्टेंबरला कोणी निजामाचे नाव घेऊन धर्माचे भांडण लावायला आले, तर त्याला साखरखेर्ड्यापासूनचा हा इतिहास सांगा. आणि ग्रामसभेत जाऊन आपल्या नावाच्या पैशाचा हिशेब मागा. मालक व्हायचे तर हिशेब विचारायची सवय लागली पाहिजे. जयभीम!